हवालदाराचा रुसवा

रुपाली पायगुडेच्या हातून आजवर जेवढी पात्रं घडली, त्या सगळ्यांना तिच्या वडिलांचा चेहरा होता. राजा, पोस्टमन, कल्हईवाला, सशाची आजी, एका पुस्तकात तर चक्क कोल्हासुद्धा. नाक बदलायचं, मिश्या यायच्या-जायच्या, कान लांब व्हायचे. पण डोळ्यांखालची घडी आणि हसू फुटण्याआधी ओठांची होणारी ती चुळबुळ रंगनाथ अण्णांचीच असायची.

रुपाली लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं करायची, पण ती कागदावर काढायची नाही. ती शिकलेली मूर्तिकार. आधी तारेचा सांगाडा वळायचा, त्यावर पोळ्या गुंडाळतात तो चंदेरी कागद चुरगाळून बसवायचा आणि त्यावर पॉलिमर क्लेचं, म्हणजे भाजली की कडक होणाऱ्या मातीचं, मांस नि कातडी चढवायची. माणूस वीतभर उंचीचा. त्याला जुन्या लुगड्यांचे, विरलेल्या शर्टांचे कपडे शिवायचे, लोकरीचे केस लावायचे. मग टेबलावर खोटा रस्ता आणि खोटं घर मांडायचं, दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर धरून उजेड मऊ करायचा आणि फोटो काढायचा. तो फोटो म्हणजे पुस्तकाचं एक पान. धड एकच असायचं, चेहरे मात्र अनेक. रागावलेला, घाबरलेला, झोप आलेला, असा प्रत्येक चेहरा वेगळा घडवायचा, छोट्या ओव्हनमध्ये भाजायचा आणि पानापानाला धडावर बदलत जायचा.

हे चेहरे यायचे अण्णांकडून.

अण्णा वारज्याचे. तिथे शेतं होती तेव्हाचे. जमीन वडिलांच्या काळातच गेली आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहायला आले. अण्णा मात्र आयुष्यभर राहिले नाटकात. शहरातल्या संस्थांबरोबर बसमधून सांगली, सोलापूर, नागपूर करत फिरले. मिळालं ते काम केलं. गडी झाले, गावकरी दुसरा झाले, आणि सर्वांत जास्त वेळा हवालदार. नाव असलेली भूमिका त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. जाहिरातीत मोठ्या नटांची नावं संपली की खाली लिहिलेलं असायचं, ‘आणि इतर’. अण्णा त्या इतरांत. पण रात्रीच्या प्रयोगासाठी दुपारीच गणवेश चढवून बसायचे. विंगेत उभे असतानाही हवालदारासारखेच उभे राहायचे. कोणी हटकलं तर म्हणायचे, आत गेल्यावर हवालदार होऊ म्हणलं तर उशीर झालेला असतो.

नाटकं थांबली, बायको गेली आणि घरात बाप-लेक दोघंच उरले. रुपालीचं लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल विचारणारी माणसंही आता दमली होती. मोठा भाऊ संपत खराडीला, आयटी पार्कच्या जवळ राहायला गेला होता. एकदा रुपाली पोस्टमनचा भ्यालेला चेहरा करत होती आणि काही केल्या जमेना. आरशात स्वतःचं तोंड वेडंवाकडं करून पाहिलं, तरी भीती येईना. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि जागच्या जागी असे भ्याले, की रुपालीने दाराकडे वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

“थांबा, असंच राहा,” ती म्हणाली.

तिथून ती पद्धत पडली. सकाळी चहा झाला की खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर अण्णा बसायचे. रुपाली गोष्टीतला प्रसंग वाचून दाखवायची. अण्णा डोळे मिटायचे, उघडायचे, आणि चेहरा द्यायचे. ती म्हणायची, थांबा, असंच राहा. मग तिचे अंगठे मातीत चालू व्हायचे आणि अण्णा खिळे ठोकल्यासारखे बसून राहायचे. माशी बसली तरी हलायचे नाहीत. काम झालं की ती म्हणायची, सुटलात, आणि चेहरा सुटायचा. पाणी सोडावं तसा सगळा ताण त्यांच्या गालांवरून उतरायचा आणि ते पुन्हा सत्तरीचे अण्णा व्हायचे. नट लोकांना हा चेहरा सुटण्याचा क्षण ठाऊक असतो. प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही. रुपालीला तो रोज दिसायचा आणि फार आवडायचा.

मग ते हवालदाराचं पुस्तक आलं. आणलं मिसबा तांबोळीने. मिसबा रुपालीच्या बरोबरीची, मुलांच्या पुस्तकांची लहानशी प्रकाशनसंस्था चालवायची आणि बोलायला पुण्याची पक्की. रुपालीने वेळेत चित्रं दिली तर आपण पेढे वाटू, असं ती दर पुस्तकाला म्हणायची आणि लगेच पुढे म्हणायची की त्यामुळे खर्चाची काळजी नाही. गोष्ट होती एका म्हाताऱ्या निवृत्त हवालदाराची. तो सोसायटीच्या आवारात सायकली चालवणाऱ्या पोरांना शिट्टी मारून थांबवतो, हात करून सोडतो. पोरं त्याची शिट्टी लपवतात आणि तो रुसतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पानांवर तोच. अण्णांनी ती गोष्ट दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, “म्हंजी ह्यो मेन रोल हाय?”

मेन रोलच होता. कव्हरवरही तोच येणार होता. अण्णांनी न्हाव्याकडे जाऊन मिश्या बेतून आणल्या.

बाकी चेहरे भराभर झाले. अडलं ते रुसव्यावर. अण्णा रुसले की ओठ एका बाजूला ओढायचे, गाल फुगवायचे आणि भुवया अशा चढवायचे, की तो रुसवा खाली रस्त्यावरूनही दिसावा. रुपालीने एक चेहरा केला, मोडला. दुसरा केला, तोही मोडला. शेवटी ती वैतागून म्हणाली, “अण्णा, हे शेवटच्या रांगेसाठी झालं. मला जवळून बघायचं असं पाहिजे. तो नाटक करत नाहीये. त्याला खरंच लागलंय.”

अण्णांना ते लागलं. निजायला जाताना एवढंच म्हणाले, “उद्या बग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली टेबल मांडून बसली होती. अण्णा आतून आले ते भिंतीला खांदा घासत, एक पाय जरा ओढत. येऊन खुर्चीत बसले. आणि रुपालीने वर पाहिलं तेव्हा तिचे हात आपसूक मातीकडे गेले. ओठांची उजवी कड खाली ओघळली होती. उजवा गाल सैल पडला होता. भुवया चढवलेल्या नव्हत्या, गाल फुगवलेला नव्हता. डोळे मात्र असे, की काहीतरी हिरावून घेतलं गेलंय आणि ते काय, हेही सांगता येत नाही. हवालदार पायापासून रुसून आला होता. रात्रभर विचार करून आलेत, तिला वाटलं. विंगेतूनच पात्रात शिरून आलेत.

“थांबा,” ती म्हणाली. “असंच राहा.”

आणि ते राहिले.

रुपालीचे अंगठे त्या सकाळी जसे चालले, तसे पूर्वी कधी चालले नव्हते. तिला माती दाबावी लागत नव्हती. मातीत आधीच असलेला चेहरा ती नुसता सुटा करत होती. मध्येच अण्णांचा डावा हात उठला, हवेत हलला, पुन्हा मांडीवर पडला. हवालदार आहेत, हात करणारच, म्हणून ती हसली. घशातून काही अर्धवट आवाज आले. रुसलेलं माणूस पुटपुटतंच. “बोलू नका, ओठ हलतायत,” ती म्हणाली, मान वर न करता. आवाज थांबले. तिने कोरणीने ओठांच्या कडेला शेवटची घडी घातली, लाळेचा एक बारीक ओघळ तिथे खरोखर चमकत होता तोसुद्धा खुणेपुरता कोरला, चेहऱ्याचा फोटो काढून मिसबाला पाठवला आणि खाली लिहिलं, बघ अण्णांनी काय दिलंय. मग आत जाऊन चेहरा ओव्हनमध्ये ठेवला. हात पुसत बाहेर आली.

“सुटलात,” ती म्हणाली.

चेहरा सुटला नाही.

ती पुन्हा म्हणाली. अण्णा तिच्याकडे बघत होते. उजवा हात खुर्चीखाली लोंबत होता. तिने तो उचलला आणि सोडला, आणि तो दगडासारखा खाली गेला.

रिक्षा, पुलाखालची गर्दी, हॉस्पिटलचा उतार, हे सगळं नंतर तिला नीट आठवलं नाही. आठवला तो डॉक्टरांचा प्रश्न. हे केव्हापासून, असं त्यांनी विचारलं आणि ती खरं बोलली. तासभर झाला असेल, किंवा जास्त. तरुण डॉक्टर होता. त्याने लिहिता लिहिता वर पाहिलं आणि विचारलं, तासभर काय करत होतात? उत्तराची वाट न बघता तो आत गेला. इंजेक्शन दिलं गेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा बरीचशी गेली. या दुखण्यात प्रत्येक मिनिटाला काहीतरी मरत असतं, एवढंच डॉक्टर संध्याकाळी म्हणाले. लवकर आणलं असतं तर किती वाचलं असतं, ते कोणी सांगू शकत नाही.

संपत तोवर खराडीहून पोचला होता. त्याने कॉरिडॉरमध्ये बहिणीचे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, अण्णा तुझ्या समोर होते का.

“मी स्वयंपाकघरात होते, दादा,” रुपाली म्हणाली. “बाहेर येऊन पाहिलं तर…”

संपतने तिला जवळ घेतलं. स्वतःला दोष देऊ नकोस, असं तो तिला म्हणाला आणि ती त्याच्या खांद्यावर रडली. त्या रडण्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे तिलाच कळेना.

अण्णा घरी आले. संपतच्या मनात त्यांना खराडीला न्यायचं होतं. तिथे लिफ्ट मोठी, शेजारी फिजिओथेरपिस्ट, शालू वहिनी घरून काम करणारी. पण रुपाली घरीच असते, दिवसभर डोळ्यांसमोर ठेवते, शिवाय अण्णांना वारजं सोडवणार नाही, म्हणून त्याने तिच्यावर सोपवलं. तिच्यावर भरवसा म्हणून सोपवलं. दर रविवारी तो यायचा, अण्णांची दाढी करायचा, आणि जाताना तिला म्हणायचा, तू आहेस म्हणून झोप लागते मला. ज्या दिवशी संपतला खरं कळेल त्या दिवशी अण्णा इथून जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही, हेही.

अण्णांना काय ठाऊक होतं? ते खिडकीजवळच्या खुर्चीतच बसायचे. दहा शब्दांसाठी घाम गाळायचे तेव्हा दोन यायचे. त्या सकाळबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही. चमच्याने पेज भरवताना ओघळ ओठांच्या उजव्या कडेने यायचा, नेमका तिने कोरला होता तिथून, आणि तिचा हात पुसायला जायच्या आधी क्षणभर थांबायचा.

तो चेहरा ओव्हनमध्येच राहिला होता. हॉस्पिटलमधून ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा ओव्हन आपोआप बंद होऊन थंड पडलं होतं आणि चेहरा आत तसाच होता. कडेला तडा नाही, काही नाही. उत्तम भाजला गेला होता. तिने तो मोज्यात घालून कपाटात ठेवला.

महिन्याभराने मिसबाचा फोन आला. काकांची चौकशी झाली, मग तिने घुटमळत पुस्तकाचं काढलं. दोनच चेहरे राहिले होते, शेवटच्या पानावरचं हसू आणि कव्हर. आणि कव्हरला तर दुसरं काही शोधायला नको, तू मागे पाठवलेला रुसवा आहेच, असं ती म्हणाली. इतक्या वर्षांत असा चेहरा मी पाहिला नाही, ऑफिसातला शिपाईसुद्धा तो बघून गप्प झाला, असंही म्हणाली.

तो चेहरा फुटला, असं रुपालीने सांगितलं. दुसरा देते.

दुसरा देण्यासाठी तिने जे जे केलं, ते तिच्या धंद्यातल्या माणसाला कळेल. जुने फोटो काढले. ते सगळे मेकअपमधले, लांबून घेतलेले. आरशात बघून केला. तो बाईचा झाला. मग अण्णांच्या चेहऱ्याची डावी, चांगली बाजू घेतली आणि तीच उलटी करून उजवीकडे बसवली. मूर्तिकामात ही युक्ती चालते. देवाच्या मूर्तीला चालते. माणसाच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात, आणि तसा चेहरा केला की समोर एक गुळगुळीत परका माणूस येतो. तिने तो अण्णांपुढे धरला. अण्णांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “कोन?”

तिने तो मोडून टाकला. हसू तर तिने मागायचंही टाळलं.

शेवटी एका रविवारी मिसबा स्वतःच आली, काकांसाठी शिरखुर्म्याचा डबा आणि काखेत कव्हरचा नमुना घेऊन. चेहरा फुटला तर फुटला, फोटो माझ्याकडे होता, धड तुझ्या आधीच्या फोटोत होतं, डिझायनरने दोन्ही जोडलं, असं तिने दारातच सांगितलं. आवडलं नाही तर मला शिव्या दे, पण आधी बघ. संपत अण्णांची दाढी करत होता. त्याने फेसाचा ब्रश हातात तसाच धरून कव्हर घेतलं.

त्याने ते अण्णांच्या चेहऱ्याशेजारी धरलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, हे माझ्या वडिलांचं दुखणं आहे.”

मिसबाला कळेना.

“हे बघा,” त्याने अण्णांकडे बोट केलं. अर्धा गाल फेसात, अर्धा उघडा, आणि ओठांची उजवी कड खाली. “आणि हे बघा. आम्ही रोज हे पुसतो. तुम्ही ते पुस्तकावर छापणार? पोरांना हसायला?” मग बहिणीकडे वळून, “रुपे, तू यांना बसवून हे केलंस? आजारी माणसाला समोर बसवून?”

मिसबाचा चेहरा उतरला. कव्हरची घडी करत ती म्हणाली की हे छापलं जाणार नाही, तिला खरंच कल्पना नव्हती. पण तिच्या मनात हिशेब लागत नव्हता, हे दिसत होतं. ती रुपालीकडे वळली. “मला वाटलं हा आधीचा आहे. काका नेमके कोणत्या दिवशी आजारी पडले, ते मला माहीत नाही. तू नंतर केलास का हा?”

एक ‘हो’ पुरेसा होता. हो म्हटलं असतं तर रुपाली आजारी बापाचं तोंड घडवणारी निर्दय कलाकार ठरली असती, चार दिवस संपत बोलला नसता आणि मग सगळं मिटलं असतं. अण्णा इथेच राहिले असते. मिसबा बिचारी घडी केलेल्या कागदावर आणखी एक घडी घालत उभी होती, जणू तिनेच काही चोरलं होतं. रुपालीने अण्णांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, खुर्चीत बसून बघायचे तसेच, तिचं वाचून कधी होतंय याची वाट बघत.

“नाही,” ती म्हणाली. “त्याच सकाळी केला.”

“कुठल्या?” संपतने विचारलं.

“त्याच, दादा. मी स्वयंपाकघरात नव्हते. इथे होते. अण्णा असे येऊन बसले आणि मला वाटलं, ते रुसवा देतायत. मी म्हटलं, असंच राहा. हात हलवला त्यांनी, मला वाटलं काम करतायत. बोलायला गेले, तर मी बोलू नका म्हटलं. पूर्ण केला मी तो. फोटो काढला, ओव्हन लावलं, आणि मग पाहिलं.”

संपतने ब्रश वाटीत ठेवला. टॉवेलने हात पुसले, एकेक बोट वेगळं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अण्णांसमोर उकिडवा बसला आणि लहान मुलाला विचारावं तसं त्यांना विचारलं, की तुम्हाला कळत होतं ना तेव्हा, मग उठला का नाहीत, ढकलून का नाही दिलंत तिचं टेबल?

अण्णांचा जबडा हलायला लागला. शब्द यायच्या आधीची ती ओढाताण सगळे बघत राहिले. गालावरचा फेस सुकत चालला होता.

“काम,” अण्णा म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, “चाललं… व्हतं.”

ही माफी होती की तक्रार, हे कोणालाच कळलं नाही. बहुधा दोन्हीही नसावं. पडदा वर असताना जागा सोडायची नाही, हे त्या माणसाने आयुष्यभर पाळलं होतं. दुसरं काही त्याला करताच आलं नसतं.

संपतने राहिलेली दाढी पूर्ण केली. मग आत जाऊन अण्णांची औषधं, धोतरं आणि चादर एका बॅगेत भरली. तो म्हणाला, “अण्णा माझ्याकडे राहतील.” रुपालीने बॅगची चेन लागत नव्हती ती लावून दिली.

निघताना मिसबाने, जायच्या घाईत का होईना, अण्णांच्या समोर वाकून सांगितलं. काका, मी हे छापणार नाही, तुम्ही मनात काही ठेवू नका. अण्णांनी डावा हात पुढे केला. तिला वाटलं आशीर्वाद देतायत, पण त्यांना कव्हर हवं होतं. तिने घडी उलगडून धरली. हवालदार रुसून उभा होता, रस्त्यावरचा एकुलता एक माणूस, आणि वर मोठ्या अक्षरांत गोष्टीचं नाव. अण्णांनी बोटाने कागदाची खालची कड चाचपली. तिथे लेखिकेचं नाव होतं, आणि चित्रं म्हणून रुपालीचं.

“माजं,” ते म्हणाले. “नाव टाक.”

मिसबाने संपतकडे पाहिलं. संपत तोंड फिरवून लिफ्टचं बटण दाबत होता. “तुमची इच्छा,” तो भिंतीला म्हणाला. “तुमचं तोंड आहे.”

तर ते छापायचं ठरलं. अभिनय, रंगनाथ पायगुडे, असं खाली येणार होतं. रुपाली घरी एकटी राहिली. खिडकीजवळची खुर्ची तिने हलवली नाही, पण तिच्याकडे तोंड करून बसणं सोडलं. टेबल फिरवून भिंतीकडे केलं. पुस्तकाचं सगळं झालं होतं, फक्त शेवटच्या पानावरचं हसू राहिलं होतं. त्या पानात पोरं शिट्टी परत आणून देतात आणि हवालदार हसतो, एवढंच. ते तिला करता येईना. मातीचा गोळा हातात घेतला की अंगठे आपोआप ओठांची उजवी कड खाली ओढायचे.

मिसबाने तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा विचारायचं बंद केलं. तेव्हा रुपालीने संपतला फोन केला. त्या रविवारनंतर दोघं औषधांपुरतेच बोलत होते. एकदा येऊ का, तिने विचारलं. माती घेऊन. अण्णांचं हसू पाहिजे, जसं असेल तसं. संपत आधी अण्णांच्या खोलीत जाऊन आला. मग म्हणाला, दुपारी ये, तेव्हा मी घरी असतो.

खराडीचं ते घर अकराव्या मजल्यावर. काचेतून समोर ऑफिसांच्या इमारती आणि त्यांच्या काचांत पुन्हा हेच घर. अण्णा मऊ आरामखुर्चीत बसले होते, स्वच्छ, तेल लावलेले, वारज्यात होते त्याहून चांगले. शालू वहिनीने चहा दिला आणि ती आत गेली. रुपालीने डब्यातून हवालदाराचं धड काढून स्टुलावर उभं केलं, माती मळली, आणि गोष्टीचं शेवटचं पान वाचून दाखवलं. अण्णांनी डोळे मिटले, उघडले.

डावीकडून हसू आलं. ओठांची डावी कड उचलली गेली, डोळ्याखालची घडी पडली, आणि मध्यापर्यंत येऊन ते हसू थांबलं. पुढे जायचा रस्ताच नव्हता. अर्ध्या चेहऱ्याला मजा वाटत होती आणि दुसरा अर्धा त्याची वाट बघत होता.

“थांबा” हा शब्द रुपालीच्या ओठांवर आला. तिने तो गिळला. काही न म्हणता तिने अंगठे मातीला लावले.

तेव्हा संपतने एक खुर्ची ओढली आणि तो तिच्या आणि अण्णांच्या मध्ये, जरा बाजूला बसला. फोन खिशात घातला. ती काय घडवतेय याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तो नुसता अण्णांच्या तोंडाकडे बघत होता. ओठ, डोळे, हात, पुन्हा ओठ, आणि मधूनच त्यांचा डावा पंजा हातात घेऊन दाबायला सांगत होता. अण्णा दाबत होते. रुपाली हे सगळं डोळ्यांच्या कडेने बघत होती आणि तिचे अंगठे भीत भीत, पण चालत होते. डावा गाल झाला. ओठांची डावी कड झाली. उजवीकडचा सैलपणा तिने आहे तसा ठेवला, ना उचलला ना ओघळवला. डोळ्यांत अजून जीव यायचा होता; कोरणीचे दोन टोचे बसले असते की झालं असतं.

“बस आता,” संपत म्हणाला. “दमले ते.”

रुपालीने त्याच क्षणी हात मातीवरून काढले आणि मांडीवर ठेवले.